कुंडीत भाजी लावताय? आधी पाण्याची झारी जरा बाजूला ठेवा

माझ्या हातून आजवर जेवढी झाडं गेली त्यातली बरीचशी अतिकाळजीने गेली. पाणी जास्त, खत जास्त, फवारणी जास्त, आणि वर दर दोन दिवसांनी कुंडी उचलून इकडची तिकडे. पहिल्या वर्षी मी टोमॅटोची सहा रोपं लावली होती, दुपार झाली की ती मान टाकायची, मी लगेच पाणी घालायचे, दुसऱ्या दिवशी परत मान टाकायची, परत पाणी, असं करत करत दोन आठवड्यांत खालची पानं पिवळी पडली आणि सहातली चार रोपं गेली. उपटून बघितलं तर मुळं तपकिरी, लिबलिबीत, कुजका वास येणारी. मी समजत होते तहानलीयेत आणि ती बुडत होती. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मोठ्या पानांची झाडं कडक उन्हात दुपारी मान टाकतातच हेही नाही. पानांतून जेवढं पाणी उडून जातं तेवढं मुळांना त्या वेळी ओढता येत नाही म्हणून असं होतं, संध्याकाळी ती आपली आपण उभी राहतात. सकाळीसुद्धा मान खालीच असेल तर मात्र खरंच काहीतरी बिनसलंय.

म्हणून माझं सगळ्यात आधीचं सांगणं हेच, की काहीही करायच्या आधी बघा. पान उलटून बघा, मातीत बोट घालून बघा, संध्याकाळपर्यंत थांबून बघा. ज्या दिवशी मी हे करायला लागले त्या दिवसापासून मला भाजी मिळायला लागली.

आता सुरुवात कुठून करायची? उन्हापासून. बियाणं, कुंड्या, खत हे सगळं नंतर विकत आणा. एक सुट्टीचा दिवस काढा आणि जिथे कुंड्या ठेवायच्यात तिथे दर तासाला जाऊन ऊन आहे का बघून कागदावर लिहा, कारण आपला अंदाज हमखास चुकतो, उजेड भरपूर दिसतो म्हणून आपण ऊन आहे असं धरतो आणि प्रत्यक्षात थेट ऊन तीन तासच असतं. फळ धरणाऱ्या भाज्यांना म्हणजे टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी, भेंडी यांना रोज ६ ते ८ तास थेट ऊन हवं. ३-४ तास मिळत असेल तर पालक, कोथिंबीर, पुदिना, लेट्यूस असल्या पालेभाज्या लावा आणि खुशाल राहा, त्या छान येतात. कमी उन्हात टोमॅटो लावला तर वेल उंच आणि बारीक होतो आणि फळ जेमतेम येतं, मी दोन वर्षं हा हट्ट केला, नका करू. अजून एक, सूर्याची वाट वर्षभरात सरकते, आज जिथे ऊन आहे तिथे सहा महिन्यांनी भिंतीची सावली असू शकते, तेव्हा जमलं तर ऋतू बदलला की परत एकदा बघा.

कुंडी केवढी घ्यावी याचं उत्तर बहुतेकदा तुम्हाला वाटतेय त्यापेक्षा मोठी. टोमॅटोला १५ ते २० लिटर माती लागते, एका कुंडीत एकच झाड, दोन लावली की दोन्ही उपाशी. मिरचीला ८-१० लिटर पुरते. पालेभाजीला खोली फार नको, वीतभर पुरे, पण पसरट हवी. जुनी बादली, क्रेट, ग्रो बॅग काहीही चालतं, खाली भोकं असली म्हणजे झालं. बाल्कनीत किंवा गच्चीवर ठेवणार असाल तर वजनाचा विचार आधीच करा, २० लिटरची कुंडी पाणी पिऊन २५-३० किलोच्या घरात जाते, अशा दहा कुंड्या एकाच कोपऱ्यात रचू नका.

आणि कुंडीच्या तळाशी खडे घालायची पद्धत आहे ना, निचरा चांगला होतो म्हणून, तो गैरसमज आहे. बारीक मातीतून जाड खड्यांत पाणी सहज उतरत नाही, ते मातीच्या तळाशीच अडून बसतं. म्हणजे खड्यांमुळे ओलसर थर उलट वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. भोकावर एक खापरीचा तुकडा किंवा जाळी ठेवा माती वाहून जाऊ नये म्हणून, बास.

मातीचं मिश्रण माझं साधं असतं, एक भाग बागेची माती, एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट नाहीतर गांडूळखत, आणि एक भाग कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, माती चिकट असेल तर थोडी जाड वाळू. नुसती बागेची माती कुंडीत भरू नका, दोन महिन्यांत विटेसारखी घट्ट बसते. मिश्रण बरोबर आहे का हे असं बघायचं, ओलं करून मूठ वळायची, लाडूसारखा गोळा व्हायला हवा आणि बोटाने टिचकी मारली की तो फुटायला हवा. फुटलाच नाही तर माती जड, वळलाच नाही तर फार भुसभुशीत, पाणी धरणार नाही.

कंपोस्ट घरी करणार असाल तर ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला घाला, सगळं यातच आलं. झोंबणारा, डोळ्यांत जाणारा वास आला तर ओला कचरा जास्त झालाय, सुका पाला वाढवा. सडक्या अंड्यासारखा आला तर आत हवा नाही, उलटंपालटं करा. तयार झालेल्या खताला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो आणि त्यात मूळ कचरा ओळखू येत नाही. अर्धवट कुजलेलं खत मात्र कुंडीत घालू नका, ते कुजताना मातीतला नायट्रोजन स्वतःच वापरतं आणि झाड पिवळं पडत जातं.

आता पाणी. रोज किती पाणी घालायचं असं मला सगळे विचारतात आणि त्याचं उत्तर कपात किंवा मगात देता येत नाही. शेतकऱ्यांचा एक शब्द आहे वाफसा, माती ओली पण नाही आणि कोरडी पण नाही, हाताला गार लागते पण चिखल होत नाही, ती अवस्था. कुंडीत तीच टिकवायचीये. बोट दोन पेरं मातीत घाला, आत ओल लागली तर आज पाणी नाही. कोरडं लागलं तर द्या, आणि द्याल तेव्हा सावकाश, खालच्या भोकातून पाणी यायला लागेपर्यंत द्या. रोज वरवर शिंपडलं की वरचा इंचभर थर भिजतो, मुळं तिथेच घुटमळतात आणि एक दिवस तुम्ही बाहेर गेलात की सगळं वाळतं. माती पार वाळून कुंडीच्या कडेपासून सुटली असेल तर पाणी घातल्या घातल्या कडेने धावत खाली येतं आणि आपल्याला वाटतं भिजली, आत ठणठणीत कोरडं असतं. अशी कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवावी लागते. शक्यतो सकाळी पाणी द्या, बुंध्याशी द्या, पानं रात्रभर ओली राहिली की बुरशीला आमंत्रण. आणि मातीवर वाळलेल्या पाल्याचा दोन बोटं जाड थर घाला, आच्छादन, एवढ्या एका गोष्टीने माझं पाणी घालणं खूपच कमी झालं.

याच पाण्यामुळे होणारा एक घोटाळा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. टोमॅटो छान मोठा होतो, पिकायला येतो, आणि बघितलं तर त्याचा बूड काळा, चामड्यासारखा, आत दबलेला. पहिल्यांदा झालं तेव्हा मी रोग समजून शेजारची झाडंसुद्धा फवारली. हा रोगच नाहीये, फळाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून ते होतं, आणि मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा असतंच, फक्त ते पाण्याबरोबर चढतं, त्यात पानं आपल्याकडे जास्त ओढून घेतात आणि फळाच्या टोकाला सगळ्यात शेवटी मिळतं. कधी कोरडं कधी चिकचिकीत असं झालं की तो पुरवठा तुटतो. पाणी एकसारखं ठेवा, ती फळं काढून टाका, पुढची बहुतेक ठीक येतात. सहसा पहिल्या एक-दोन घोसांनाच जास्त होतं, म्हणून झाड उपटून टाकू नका प्लीज.

बी पेरताना खोली बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, एवढं लक्षात ठेवलं तर पुरे, घेवड्याचं बी इंचभर खाली जाईल आणि लेट्यूसचं नुसतं मातीवर टाकून हलकं दाबायचं, त्याला उगवायला उजेड लागतो. कोथिंबिरीचा धणा म्हणजे दोन बिया एकत्र असतात, हलक्या हाताने रगडून दोन फाका करा आणि मग पेरा, एक ते दोन आठवडे लागतात उगवायला, पाचव्या दिवशी माती उकरून बघू नका (मी उकरायचे). जुनं बियाणं असेल तर दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा, किती फुटतात बघा, दहातल्या चारच आल्या तर दाट पेरा.

रोपं दोन इंचाची झाली आणि एका रात्रीत बुंध्यातून दोरा आवळल्यासारखी बारीक होऊन आडवी पडली, असं बऱ्याच जणांचं होतं, माझे एकदा दोन ट्रे गेले आणि मला खरंच रडू आलं होतं. या रोगाला मर म्हणतात, तो मातीतली बुरशी करते आणि तिला सतत ओल आणि कोंडलेली हवा हवी असते. पडलेली रोपं परत उभी राहत नाहीत. पुढच्या वेळी ताजं मिश्रण घ्या, विरळ पेरा, वरची माती थोडी सुकू द्या, हवा खेळती ठेवा. घरात वाढवलेली रोपं थेट उन्हात नेऊ नका, पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, असं आठ-दहा दिवसांत सवय करा, नाहीतर पानं पांढरी पडून भाजतात. टोमॅटोचं रोप लावताना खालची पानं काढून दांडा खोल पुरा, त्या दांड्यालाच नवीन मुळं फुटतात. लावणी संध्याकाळी.

खताबद्दल माझं स्पष्ट मत आहे, कुंडीतल्या झाडाला खत लागतंच पण बहुतेक लोक चुकीच्या वेळी चुकीचं घालतात. माझी एक मिरची होती, हिरवीगार, कमरेएवढी, बघणारा प्रत्येक जण कौतुक करायचा आणि तिला तीन महिने एक फूल नाही. मी दर आठवड्याला नायट्रोजनवालं खत घालत होते आणि झाडाला पानं काढण्यातच सुख होतं. खत बंद केलं, महिन्याभरात कळ्या. तेव्हा वाढीच्या काळात कंपोस्टची दोन-तीन मुठी दर तीन-चार आठवड्यांनी, आणि कळ्या दिसल्या की नायट्रोजन कमी, पोटॅश जास्त.

पिवळ्या पानांकडे नीट बघायला शिकलं की खत कधी घालायचं तेही कळतं. खालची जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी होतायत तर बहुधा नायट्रोजन कमी पडतोय, कारण झाड जुन्या पानांतला नायट्रोजन काढून नव्या पानांना देतं. नवी, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये, लोह झाडाला असं हलवता येत नाही, आणि कुंडीत त्याचं कारण पुष्कळदा मातीत साचलेलं पाणी हेच निघतं. म्हणजे परत बोट मातीत घाला.

फुलं आली की आनंद होतो आणि फुलं गळली की जीव खालीवर होतो. टोमॅटोची फुलं दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं किंवा रात्र फार गरम राहिली की गळतात, त्यात तुमचा दोष नाही, दुपारची थोडी सावली द्या आणि वाट बघा. वाऱ्याची झुळूक नसेल तर सकाळी फुलांच्या घोसाला बोटाने हलकेच टिचकी मारा, टोमॅटोच्या एकाच फुलात दोन्ही भाग असतात, पराग तिथल्या तिथे पडतो. काकडीचं वेगळं, तिची नर फुलं आणि मादी फुलं वेगवेगळी, आधी एक-दोन आठवडे बहुतेक नुसती नरच येतात आणि लोक घाबरतात की फळ का धरत नाही. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढी इवलीशी काकडी असते. मधमाश्या येत नसतील तर सकाळी नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचा मधला भाग मादी फुलाच्या मध्ये फिरवा. दुपारपर्यंत थांबू नका, फूल एकच दिवस नीट उघडं असतं. तीन-चार दिवसांनी ती इवली काकडी फुगायला लागलेली दिसली की जे वाटतं ना, ते मला अजून प्रत्येक वर्षी वाटतं.

आणि मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, येणारच. कोवळ्या शेंड्यांवर, पानांच्या खाली, हिरवे नाहीतर काळे बारीक ठिपके. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते आणि ती पिल्लं आठवड्याभरात स्वतः पिल्लं घालायला लागतात, म्हणून सोमवारी दहा आणि पुढच्या रविवारी शेंडा भरलेला असं होतं. झाडावर मुंग्यांची ये-जा वाढली की लगेच पानं उलटून बघा, मावा गोड चिकट रस सोडतो आणि मुंग्या त्यासाठी त्याची राखण करतात. पहिला उपाय फक्त पाण्याचा जोरदार फवारा, तीन दिवस ओळीने, निम्मं काम यातच होतं. त्यानेही भागलं नाही तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा सौम्य द्रव साबण, संध्याकाळी मधमाश्या गेल्यावर, आणि आधी एकाच पानावर मारून दुसऱ्या दिवशी बघा पान भाजतंय का. उन्हात मारू नका.

पण फवारायच्या आधी अजून एक गोष्ट बघा, आणि ही मला फार मनापासून सांगायचीये. त्या माव्यातच काळपट, लांबट, काट्याकाट्यांची, पाठीवर नारिंगी ठिपके असलेली, सुसरीच्या पिल्लासारखी दिसणारी अळी फिरत असेल तर तिला हात लावू नका. ती लेडीबर्डची, म्हणजे ढालकिड्याची पिल्लं आहेत आणि त्यांचं खाणं मावाच. मी एका वर्षी अशी वीस-पंचवीस कीड समजून वेचून चिरडली, आणि नंतर एका चित्रात बघितलं तेव्हा कळलं मी काय केलं. त्या वर्षी मावा शेवटपर्यंत गेला नाही. आता दिसली की मी फवारणी पूर्ण थांबवते, आठ-दहा दिवसांत शेंडा साफ होतो.

पांढरी भुकटी टाकल्यासारखी पानं झाली तर ती भुरी नावाची बुरशी, ती पानं काढा, झाड थोडं विरळ करा. पानं नुसती कुरतडलेली दिसली आणि कीड दिसेना तर रात्री टॉर्च घेऊन जा, गोगलगाय किंवा अळी सापडते.

काढणीत लोक उशीर करतात, जास्त मोठं होऊ दे म्हणून. भेंडी फूल पडल्यावर ४ ते ६ दिवसांत काढा, नाहीतर लाकूड होते. घेवडा, काकडी कोवळी असतानाच काढत राहा, एक जरी फळ झाडावर जून झालं, आत बी पिकलं, की झाड नवीन फुलं कमी करतं. पालकाची बाहेरची पानं खुडा, मधला कोंब ठेवा, महिना-दीड महिना मिळत राहतो. कोथिंबीर गरमीत लगेच फुलावर जाते, तिला थांबवता येत नाही, त्यापेक्षा दर १५ दिवसांनी नवी चिमूट पेरत राहा. टोमॅटोला जरासा गुलाबी रंग चढला की तोडून घरात ठेवला तरी नीट पिकतो, पक्षी आणि किडी लागायच्या आत. खूप गरमी असेल तर ते बरंच, कारण ३० अंशांच्या वर लाल रंग नीट भरत नाही, फळ पिवळट नारिंगीच राहतं. काकडी कडू लागली तर बहुधा उन्हाचा आणि पाण्याचा ताण पडलाय, देठाकडचा भाग कापून बघा, तरी जहरासारखी कडू असेल तर खाऊ नका.

सगळ्यात चांगल्या झाडाचा सगळ्यात चांगला टोमॅटो मात्र खाऊ नका, बियांसाठी ठेवा. गर बियांसकट वाटीत काढून थोडं पाणी घालून दोन-तीन दिवस झाकून ठेवा, वर बुरशी आली तरी चालेल, बियांवरचा तो बुळबुळीत थर आंबून सुटतो, तो थर बी उगवण्यात अडथळा आणतो. मग धुवून ताटलीत वाळवा, कागदाच्या पुडीत घालून नाव आणि वर्ष लिहा. टोमॅटोचं बी ४-५ वर्षं टिकतं, कांद्याचं वर्ष-दोन वर्षांत संपतं. पाकिटावर एफ१ हायब्रिड, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकराचं बी, असं लिहिलेलं असेल तर त्याच्या बियांतून आईसारखं झाड येईलच असं नाही, तरी मी लावते.

हंगाम संपला की झाड टाकून देऊ नका लगेच, अख्खं उपटा, मुळं पाण्यात खळबळून धुवा आणि उजेडात धरा. पांढरी, केसाळ, कुंडीभर पसरलेली असतील तर तुमचं पाणी बरोबर होतं. नुसती वरच्या थरात असतील तर वरवर शिंपडत होता. तपकिरी आणि मऊ असतील तर जास्त झालं. मण्यांच्या माळेसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी आहेत, त्या कुंडीत पुढच्या वेळी टोमॅटो, वांगी, मिरची यातलं काहीच लावू नका, ती माती काळ्या प्लॅस्टिकवर पातळ पसरवून वरून पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट झाका आणि चार ते सहा आठवडे कडक उन्हात तापवा. गाठी नसल्या तरी एकाच कुळातली भाजी त्याच मातीत ओळीने लावायची नाही, टोमॅटोनंतर घेवडा लावा, त्याच्या मुळांवरही गाठी येतात पण त्या वेगळ्या, बाजूला चिकटलेल्या, बोटाने सहज निघणाऱ्या. एक फोडून बघा, आत गुलाबी असेल तर तिथले जीवाणू हवेतला नायट्रोजन घेऊन घेवड्याला देतायत. तो काढताना बुंध्याशी कापा आणि मुळं तशीच मातीत राहू द्या.